बसलेला फुटाणा

सरांनी माझा पहिला माणूस खाल्ला तेव्हा मला रडू आलं होतं. तो माणूस म्हणजे एक फुटाणा होता, हे कबूल. पण काटोलहून बसमध्ये उभ्याने, बायकांच्या पिशव्या आणि कोपरं चुकवत जिवापाड जपून आणलेलं माझं पुठ्ठ्याचं घर समोर टेबलावर होतं, आणि त्या घरात राहायला गेलेला पहिलावहिला माणूस सरांच्या दाढेखाली कुरकुरत होता.

आर्किटेक्चरच्या कॉलेजात पहिल्या वर्षापासून सर आम्हाला डिझाइन शिकवायचे. नकाशा ते बघायचे नाहीत. पुढे केला तर घडी घालून वारा घ्यायचे. "कागदावर ऊन पडत नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य आणि बहुतेक शेवटचंही. प्रत्येकाने तळहातावर मावेल एवढं घर करून आणायचं, एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर या मापानं. त्या मापात फुटाणा हा बरोब्बर बसलेला माणूस होतो, असा शोध त्यांनी तरुणपणी लावला होता आणि त्यानंतर दुसरा शोध लावायची त्यांना गरज वाटली नाही.

शर्टाच्या खिशात फुटाण्याची पुडी कायम असायची. सर पुडी तळहातावर उलटी करायचे, वरसंशोधन चालावं तसे दहाबारा फुटाणे उलटेपालटे करून एक निवडायचे आणि दोन बोटांनी तो आम्ही केलेल्या घरात नेऊन ठेवायचे.

"सर, उभा माणूस काहून नाही ठेवत?" एकदा कोणीतरी विचारलं.

"उभा माणूस घर पाहतच नाही लेका. तो कुठी तरी जाऊन राहिला असते. बसलेल्याले इचार घर कसं आहे ते."

मग ते घर खिडकीत नेऊन उन्हाकडे फिरवायचं, आणि एक डोळा मिटून दुसरा डोळा दाराला लावायचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आपण मागे उभं राहून सरांच्या टकलावरचा घाम बघत राहायचं. फुटाण्याला आत बरं वाटत असेल, तर सर तो तिथेच ठेवून पुढच्या टेबलावर जात. त्याला बरं वाटत नसेल तर दोन बोटं छपरातून आत जात, फुटाणा बाहेर येई आणि तोंडात जाई. "याच्यात कोणी राहत नाही," एवढंच म्हणायचे. मार्कं वगैरे ते द्यायचे, पण ती कोणी विचारत नसे. कॅन्टीनमध्ये आम्ही एकमेकांना एकच प्रश्न विचारायचो, तुझा खाल्ला का?

मी डोळे पुसत विचारलं होतं, "सर, माझा काहून खाल्ला?"

"ऊन थेट टाळक्यावर पडून राहिलं होतं पोरी त्याच्या. मेलाच असता. मी नुसतं उचललं."

त्यानंतर पोटतिडकीनं जे त्यांनी सांगितलं ते माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे. "ऊन म्हणजे मांजर आहे. पायाशी बसलं तं गोड वाटते. डोक्यावर बसलं का ओरबाडते." मला वाटलं सगळ्यांनाच सांगत असतील. नंतर कळलं, खरंच सगळ्यांनाच सांगायचे.

दुकानातून आणलेलं सामान त्यांना चालत नसे. घरात जे असेल त्यातून घर करा, म्हणायचे. आमच्याकडे संत्र्याच्या पेट्या ढिगानं, त्यामुळे माझ्या भिंती पेटीच्या फळ्यांच्या. कोणी खराट्याच्या काड्या आणल्या, कोणी फुटक्या बांगड्या. एका मुलीनं आईची पिठाची चाळणी कापून छप्पर केलं. दुसऱ्या दिवशी तिची आई हातात लाटणं नसलं तरी असल्याच्या आवेशात कॉलेजात आली. सरांनी त्यांना एक शब्द बोलू दिला नाही. ते घर त्यांच्या डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "पाहा."

बाई बघत राहिल्या. आत जमिनीवर उन्हाचे बारीक ठिपके पडले होते आणि त्यात फुटाणा बसला होता, जिवंत.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण मंग मी पोळ्या कायच्या करू?"

सर संध्याकाळी नवी चाळणी घेऊन त्यांच्या घरी गेले. जुनी जास्त बारीक होती म्हणून बाईंनी नवी परत केली. सर तिसऱ्या दिवशी आणखी बारीक घेऊन गेले. असं चार वेळा झालं असं मुलगी सांगायची. शेवटी सर घरी येतात म्हणून तिची आई पोहे करून ठेवायला लागली.

नागपुरातल्या जरीपटका भागातल्या बाजारात ते आम्हाला वर्षातून एकदा न्यायचे. तिथे एक कापडवाला गिऱ्हाईकाला साडी दाखवताना ती उचलून दुकानाच्या दारात आणायचा, कारण ट्यूबलाइटमध्ये रंग खोटा दिसतो. सर आम्हाला म्हणाले, "नमस्कार करा. हा आर्किटेक्ट आहे."

"नहीं साहब, हम तो कपडेवाले हैं."

"तेच म्हणून राहिलो," सर म्हणाले, आणि वीस तऱ्हेच्या कापडांचे वीतवीतभर तुकडे मागितले. पडदे कशाचे लावले तर आत कसा उजेड येतो ते बघायला.

कापडवाल्याचा चेहरा पडला. "साहब, इसमें तो रूमाल भी नहीं बनेगा."

"घर बनेगा," सर म्हणाले.

मे महिन्यात नागपुरात शहाणी माणसं दाराला पाणी मारलेले पडदे लावून आत पडून असतात. सर आम्हाला दुपारी एक वाजता कॉलेजच्या गच्चीवर न्यायचे. डोक्याला दुपट्टा, खिशात एका बाजूला फुटाणे, दुसऱ्या बाजूला ऊन लागू नये म्हणून कांदा. ओलं पोतं अंथरून ते त्यावर पालथे झोपायचे आणि आमची घरं एकेक करून डोळ्याला लावायचे. "उन्हाचा अभ्यास थंड गावात कायले करता? तिथं ते लाडात येते. इथं खरं बोलते." शिपाई माठ घेऊन वर यायचा आणि काकुळतीनं म्हणायचा, "सर, पोरं मरतीन." सर खिशातला कांदा दाखवायचे. कांदा एक आणि पोरं बत्तीस, हा हिशोब त्यांच्या कधी लक्षात आला नाही.

परीक्षेला बाहेरून एक मोठे परीक्षक आले होते. एका कळमेश्वरच्या मुलाच्या घरात सरांनी फुटाणा जिवंत सोडला होता. अख्ख्या वर्षातला त्याचा पहिला. मुलगा त्या घराशेजारी बाळंतिणीसारखा हळुवार उभा होता. परीक्षक घर बघता बघता बोलत होते, बोलता बोलता त्यांची बोटं आत गेली आणि त्यांनी फुटाणा तोंडात टाकला. त्यांना वाटलं असेल, चहाबरोबर ठेवलाय. मुलगा पांढराफटक पडला. सरांनी शांतपणे परीक्षकांच्या वहीत स्वतः लिहिलं की मुलगा पास आहे, आणि तोंडी सांगितलं की परीक्षक नापास आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सर चिकटवायला फक्त कणकेची खळ वापरू द्यायचे. ट्यूबमधला गोंद लगेच सुकतो म्हणून त्यांना खपत नसे. "खळ वाळायले टाइम लागते. तेवढ्यात माणसाले अक्कल येते." आम्हाला अक्कल आली की नाही देव जाणे, पण खळ आणि फुटाणे यांच्यावर स्टुडिओतले उंदीर असे पोसले होते की मांजर त्यांना वाट द्यायची. पिंजरा लावा म्हटलं तर सर लावू देत नसत.

"राहू दे. घर आतून पाहणारे तेवढेच आहेत कॉलेजात."

डिग्री झाल्यावर मी सरांकडेच कामाला लागले. त्यांचं ऑफिस म्हणजे त्यांच्या भाड्याच्या घराची बाहेरची खोली. दुसरा मजला, बत्तीस पायऱ्या, आणि त्या अशा उभ्या की चढताना पुढच्या माणसाच्या टाचा नाकाला लागाव्यात. आतल्या दोन खोल्यांत सर आणि काकू, आणि खळीच्या वासाला उंदीर इथेही. इथेच मला कळलं की आमच्यापैकी कोणाचेही जेवढे फुटाणे सरांनी खाल्ले नसतील तेवढे त्यांनी स्वतःचे खाल्ले होते.

काटोल रोडला सरांचा एक प्लॉट होता. लग्नानंतर दोनेक वर्षांतच घेतलेला. त्या प्लॉटवर बांधायच्या घराची चाळीस मॉडेलं ऑफिसातल्या फळीवर ओळीनं मांडलेली होती. पेटीच्या फळ्यांची, पुठ्ठ्याची, ज्वारीच्या धांड्यांची, एक तर साबणाच्या वड्यांचं. चाळीसच्या चाळीस रिकामी. प्रत्येकात सरांनी फुटाणा बसवला होता, प्रत्येकात डोळा लावला होता, आणि प्रत्येकातून तो उचलून खाल्ला होता. दोनदा तर खरं बांधकाम सुरूही झालं होतं. एकदा पाया खणून झाला आणि एकदा जोत्यापर्यंत आलं. दोन्ही वेळा सर तिथे जाऊन उभे राहिले, सावली बघितली आणि म्हणाले, बुजवा.

"चाळीस घरं आहेत बाई आमच्याकडे," काकू आल्यागेल्याला सांगायच्या. "राहाले एक नाही."

काकूंचं म्हणणं साधं होतं. त्यांना घरात अंधार पाहिजे होता. "नागपुरात उजेड कोणाले पाहिजे वं? बाहेर काय कमी आहे? मले दुपारी पडाले एक अंधारी खोली द्या, बस." सर म्हणायचे, अंधाऱ्या खोलीत माणूस बसत नाही, पडतो. काकू म्हणायच्या, मंग पडाचंच आहे मले. हे भांडण माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होतं आणि दोघांनाही ते पाठ होतं. कधी कधी काकू सरांचं वाक्य आधीच म्हणून टाकायच्या.

पण मी लागले त्या वर्षी भांडणात नवीन काहीतरी आलं. काकूंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, पायऱ्या बंद. म्हणजे बाहेर जाणंच बंद. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर यायची. शेजारणी खालून हाका मारून बोलायच्या. काकूंना माणसांची भारी हौस, आणि त्या गॅलरीच्या कठड्याला रेलून दिवसभर खालच्या रस्त्याकडे बघत असायच्या. एका दुपारी मी आणि सर ऑफिसात काम करत होतो. आतून काकू कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या. अगदी हसत म्हणाल्या, "आता खाली कायची येतो वं. आता एकदाच उतरन. तेव्हा चार जण नेतीन."

सर एका भिंतीला खळ लावून ती धरून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. काम संपलं, मी आवरलं, घरी निघाले, तरी ते ती भिंत तशीच धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगठ्याला पुठ्ठा चिकटलेला होता.

त्यानंतर आठच दिवसांनी काकूंनी तो प्रकार केला. सर जेवून आत कलंडले होते. काकू भिंतीला धरत ऑफिसात आल्या, फळीवरचं हाताला येईल ते एक मॉडेल खाली घेतलं, पदराच्या गाठीतून एक फुटाणा काढला आणि छपरातून आत टाकला.

"काकू, हे काय करून राहिले?"

"चूप. तू काही पाहिलं नाही."

आणि मग आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं, "अवो, ऐकता का? यात तं माणूस आहे. तुमी खाल्लाच नाही याले."

सर धोतर सावरत आले. मॉडेल घेतलं, खिडकीत नेलं, एक डोळा मिटला. मी छताकडे बघायला लागले. काकू हातातल्या बांगड्या मोजायला लागल्या. सरांनी आत इतका वेळ बघितलं की खाली रस्त्यावरून भंगारवाला हाक देत एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मग त्यांनी दाराला लावलेला डोळा काढून काकूंकडे बघितलं.

"हो," म्हणाले. "राहिला असंन."

"मंग हेच बांधाचं."

"बांधा."

"आणि छप्पर पडून रंग होयेपर्यंत तुमी तिकडे पाय ठेवाचा नाही. तुमी गेले का बुजवता. दसऱ्याले आपण दोघं सोबत जाऊ."

सरांनी मान डोलावली. चाळीस मॉडेलांचा माणूस एका मिनिटात कसा कबूल झाला याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. पण मला एवढा आनंद झाला होता की डोकं चालवायला फुरसतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री यायचा होता. मी मॉडेल पिशवीत घालायला उचललं तर आत फुटाणा नाही. रात्री उठून सरांनी मत बदललं आणि खाल्ला की काय? विचारावं तर घर हातचं जाणार. मी मुकाट्यानं पिशवीची गाठ मारली आणि मिस्त्रीच्या हातात दिली. घर चारी बाजूंनी नीट फिरवून बघायला पाहिजे होतं, एवढी शिकवण सरांनी मला पाच वर्षं दिली होती. पण भीतीपुढे शिकवण टिकत नाही.

मिस्त्रीला मी नकाशेही दिले होते. त्यावर तो जेवणाचा डबा ठेवायचा. मॉडेलला तो डब्बाच म्हणायचा. दोरी घेऊन डब्ब्याच्या भिंती मोजायच्या, शंभर पटीत करायच्या, की झालं काम. हात सोन्याचा होता त्याचा.

सर आपल्या शब्दाला जागले, पण त्यांच्या पद्धतीनं. मी साइटवरून आले की ते माझ्या चपला उलट्या करून बघायचे. "रेती जाड आली आज. चाळून घ्या म्हणा." एकदा माझ्या ओढणीवरचा चुना बोटाला लावून चाखला. गॅलरीत जाऊन काटोल रोडच्या दिशेनं डोळा बारीक करून उभे राहायचे. मध्ये अर्धं नागपूर होतं.

भिंती गुडघाभर झाल्या तेव्हा मी बघितलं, पूर्वेच्या भिंतीत, अगदी जमिनीलगत, मिस्त्रीनं एक भोक ठेवलं होतं. मीटरभर रुंद, तेवढंच उंच, आणि कडा वेड्यावाकड्या, कंगोऱ्यांच्या. मला वाटलं सरांनी शेवटच्या क्षणी काहीतरी बदललं. ते नेहमीच बदलतात. काकूंना फोन केला.

"त्याईचं डोकं," काकू म्हणाल्या. "तू इचारू नको. इचारलं का ते येतीन पाहाले, आणि पाहाले आले का बुजवतीन."

भोकाचं भोकच राहिलं. मिस्त्रीनं त्याच्या कंगोऱ्यांना विटा घासून घासून आकार दिला, वर गिलावा केला. मला म्हणाला, "मॅडम, सबसे ज्यादा टाइम इसमेंच गया. पर साहब का काम है, बारीक रहेगाच."

दसरा आठ दिवसांवर आला, मिस्त्रीनं डब्बा परत आणून दिला, आणि मी पहिल्यांदा तो हातात फिरवून बघितला. मागच्या भिंतीला खाली बोटभर भोक होतं. कडेला बारीक दातांच्या खुणा. आत कोपऱ्यात फुटाण्याचं साल आणि तीन लेंड्या.

काकूंनी घातलेल्या माणसाच्या वासानं त्याच रात्री उंदीर आला होता. खळ लावलेल्या जागी भिंत कुरतडून आत शिरला होता आणि माणूस खाऊन गेला होता. मिस्त्रीनं उंदराचे दात शंभर पटीनं मोठे करून विटांत बांधले होते. मी ते पाहिलं, काकूंनी ऐकलं, आणि कोणीही तोंड उघडलं नाही, कारण तोंड उघडलं तर घर जाईल असं प्रत्येकाला वाटत होतं.

काकूंना सांगितलं तर त्या गुडघा चोळत बसल्या.

"आता बुजवून टाकता येईन का वं?"

"येईल, पण नवं प्लॅस्टर ओलं दिसेल. सरांना कळेल."

"मंग राहू दे. पाडा म्हणतीन तं म्हणतीन." त्यांनी जिन्याच्या दाराकडे बघितलं. "मी मात्र या पायऱ्या वापस चढन असं नाही वाटत."

दसऱ्याच्या सकाळी चौघांनी काकूंना खुर्चीत बसवून बत्तीस पायऱ्या उतरवलं. सर खुर्चीच्या पुढे उलटे चालत पायऱ्या उतरत होते, हात पसरून, म्हणजे खुर्ची सुटली तर झेलायला. झेलली असती तर दोघंही खाली गेले असते.

नव्या घराला दोनच पायऱ्या होत्या आणि काकू त्या स्वतः चढल्या. आम्ही त्यांना मोठ्या खोलीत पूर्वेच्या भिंतीपासून दोन हातांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. भोकासमोर. मुद्दाम नाही, खुर्ची ठेवायला दुसरी जागाच नव्हती, मध्ये पूजा मांडलेली होती. सर पाय धुऊन आत आले. खोलीभर नजर फिरवली आणि थांबले.

मिस्त्री टोपी हातात घेऊन दारात उभा. मी भिंतीला चिकटलेली. सरांनी नव्या शर्टासकट जमिनीवर पालथं पडून एक डोळा मिटला. भटजींना वाटलं साष्टांग नमस्कार आहे, त्यांनी अक्षता टाकल्या.

"हे कोणी केलं?" सरांनी खालूनच विचारलं.

"साहब, डब्बे में जैसा था वैसाच बनाया. हमने अपना दिमाग नहीं लगाया."

सरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, उंदरानं."

"उंदरानं," सर म्हणाले. पुन्हा भोकाकडे बघितलं. "तरीच. बसून केलेलं काम आहे."

तेव्हा मी पहिल्यांदा खोली नीट पाहिली. या मॉडेलात खिडक्या काकूंच्या हट्टापायी लहान ठेवलेल्या होत्या. वरती खोली गार, अंधारी. आणि खाली, त्या वेड्यावाकड्या भोकातून, आठ वाजताचं ऊन जमिनीवर आलं होतं. ते काकूंच्या पावलांवर होतं, गुडघ्यांपर्यंत चढलं होतं, आणि तिथेच थांबलं होतं. त्यांचा चेहरा सावलीत. त्यांनी डोळे मिटले होते.

"बरं वाटून राहिलं," काकू म्हणाल्या. "गुडघ्याले."

सर उठून बसले. खिशातून पुडी काढली, तळहातावर उलटी केली आणि नेहमीपेक्षाही जास्त वेळ लावून एक फुटाणा निवडला. तो काकूंच्या पावलाशेजारी उन्हात ठेवला. वाकून बघितलं. दोन बोटं पुढे गेली. बोटांनी फुटाण्याचं तोंड जरासं भोकाकडे फिरवलं आणि ती रिकामी परत आली.

काकूंना आता राहवेना. "अवो, एक सांगू का? त्या डब्ब्यातला माणूस मी ठेवला होता. तुमी सोडलाच नव्हता."

"माहीत आहे."

"माहीत आहे? कसं?"

"पिवळा होता तो. खारा, हळदीचा. मी कधी पिवळे आणतो का?"

काकू बघतच राहिल्या. "मंग बोलले काहून नाही?"

सर शर्टावरच्या अक्षता एकेक करून काढत होते. मग म्हणाले, "चाळीस डाव मी माणूस उचलला. वापस कोणी ठेवला नव्हता. तू ठेवला." आणि मान वर न करता, "ते चार जणाचं बोलली होती तू फोनवर. मले नाही पाहाचं होतं ते."

भटजीसुद्धा थांबले होते. काकूंनी पदरानं नाक पुसलं, मग माझ्याकडे हात केला.

"दे वं तो इकडे. मले वाकता येत नाही."

मी फुटाणा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी फुंकर मारली आणि तो तोंडात टाकला. सर आणि मी दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघायला लागलो. पाच वर्षांची सवय, फुटाणा कुरकुरला की घर गेलं.

"असं काय पाहता?" काकू चावत म्हणाल्या. "फुटाणा कायले ठेवता आता घरात? आपण आलो ना."

सरांनी मान डोलावली. ऊन हळूहळू भोकाकडे मागे सरकत होतं. त्यांनी काकूंची खुर्ची काकूंसकट चार बोटं पुढे सरकवली.